बांचा झोपाळा: सुरतेत एक बोट पाण्यात उतरताना

सध्या ज्याला-त्याला बोटीवर फोटो काढायचा आहे. कोणी गोव्यात तासाभराच्या भाड्याने घेतलेल्या बोटीच्या टोकावर हात पसरून उभं राहतं. कोणी परदेशात जाऊन दुसऱ्याच्या बोटीसमोर असा चेहरा करतं, जणू किल्ली यांच्याच पर्समध्ये आहे. मी अमळनेरला राहते. आमच्या बोरी नदीतून वर्षातले बरेचसे महिने माणूस चपला न भिजवता पलीकडे जातो, त्यामुळे बोटीचा आणि माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तरीही मी बोट बघायला गेले, आणि तीही भेस्तानला.

भेस्तान कुठे आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, ते पर्यटनाच्या कुठल्याही नकाशात नाही. सुरतेच्या दक्षिणेला कारखाने, चाळी आणि सोसायट्या एकमेकांच्या अंगावर रेलून उभ्या आहेत, ते भेस्तान. माझी मोठी बहीण लता, म्हणजे ताई, लग्न होऊन तिथे गेली. भाऊजी तेव्हा शेजारच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये लागले होते, अजून तिथेच आहेत. ताईने आधी घरबसल्या साड्यांना टिकल्या लावल्या, मग पडदे शिवले, मग सोफ्यांची कव्हरं. आता तिच्या पुढच्या खोलीत जाड कापडाची दोन मशिनं आहेत आणि पाहुण्याने बसायचं कुठे हा प्रश्न आहे. गेले कित्येक महिने ती सुरतेच्या एका कापड व्यापाऱ्याच्या, म्हणजे शेठच्या, खास ऑर्डर देऊन बांधून घेतलेल्या यॉटचं शिवणकाम करत होती.

फोनवर ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पाण्यात सोडणार आहेत. शेठने स्वतः सांगितलंय, ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांना एक फेरी मारून आणणार. तू ये. फोटो काढायला माणूस पाहिजे."

कॉलेजच्या ऑफिसात मी लोकांच्या रजेचे अर्ज पुढे सरकवते. या वेळी माझा सरकवला.

जाताना

अमळनेरहून सुरतेला जायचं तर रेल्वेच बरी. सकाळची गाडी घ्या, दिवसाउजेडी पोचाल. तिकीट दोन माणसांच्या मिसळीएवढं पडतं आणि खिडकी मिळाली तर करमणूक फुकट. नंदुरबारला गाडी अर्धी रिकामी होते आणि दुप्पट भरते. नवापूरच्या फलाटावर एक बाकडं निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. त्यावर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. आमच्या डब्यातल्या एका नवरदेवाने बायकोला गुजरातेत बसवलं, स्वतः महाराष्ट्रात बसला आणि गाडी सुटायला लागली तेव्हा दोघं दोन राज्यांतून धावत आले. बारडोलीच्या आसपास उसाच्या गाड्या दिसू लागतात आणि कारखान्याचा गोड, किंचित आंबूस वास डब्यात शिरतो. समोरच्या काकांनी तिथेच चौकशी सुरू केली.

"सुरतेला काय काम?"

"बोट बघायला चाललेय."

"डुमसच्या चौपाटीवर का? तिथे घोडे पण आहेत," काका म्हणाले. बोटीपेक्षा घोडा बरा असं त्यांचं स्पष्ट मत पडलं.

उधन्याला उतरायचं. सुरत स्टेशनपर्यंत गेलात तर उलटं यावं लागेल. भेस्तानला शेअर रिक्षा मिळते. तिघांच्या जागेत पाच जण बसतात आणि सहावा ड्रायव्हरच्या मांडीची वाटणी करून घेतो. सुरतेत मराठी चालतं का, असं मला वाचक विचारतात. माझा रिक्षावाला शिरपूरचा होता, ज्याच्याकडे सुटे मागितले तो पानवाला साक्रीचा, आणि ताईच्या गल्लीत शिरताना वांगी भाजल्याचा वास आला तो थेट आमच्या घरचा. मराठी चालतंच, फक्त मुलं गुजरातीत भांडतात.

गल्लीत ताई दारातच उभी होती, आणि तिच्याबरोबर समोरच्या कमलमावशीही. कमलमावशी मूळच्या दोंडाईच्याच्या, बोलणं अजून अहिराणीच. गल्लीत कोणाकडे काय आलं, काय गेलं आणि काय यायचं राहिलं हे त्यांना घरमालकाच्या आधी कळतं.

"उनी का वं तू? चांगलं व्हयनं," मावशी म्हणाल्या. "तुनी बहीण आते जहाजमा बठी. आम्हले वयखी का मंग?" आम्हाला ओळखेल का आता?

ताई हसली. एवढी मोकळी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं. बोटीच्या फेरीची बातमी तिने अख्ख्या गल्लीला देऊन ठेवली होती. कोणती साडी नेसायची तेही ठरलं होतं आणि मावशींना तेही माहीत होतं.

यार्डात

दुसऱ्या दिवशी ताईबरोबर यार्डात गेले. भेस्तानहून सचिन-मगदल्ला रस्त्याने जायचं, आणि डंपरच्या मागे राहण्याची सवय असेल तर रस्ता चांगला आहे. रिक्षा आख्खी करा, भाव आधी ठरवा आणि ओढणी नाकाला बांधा. यार्ड तापीच्या मुखाकडे आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला कोणी आत घेणार नाही, ओळख लागते. माझी ओळख "लताबेनची बहीण" एवढीच होती, ती वॉचमनला पुरली.

पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये, चाकांच्या पाळण्यावर ती उभी होती. पांढरीशुभ्र, तीन मजली, खाली टोकदार. आत रंगाचा आणि रेझिनचा असा उग्र वास की डोळ्यांतून पाणी आलं आणि लोकांना वाटलं मी भारावले. शेवटचा हात फिरत होता: कोणी काचांच्या कडा भरत होतं, कोणी सागवानी डेक घासत होतं, कोणी वायरींचे जुडगे छतात कोंबत होतं. चपला शिडीखाली काढायच्या. वर गेले आणि क्षणभर वाटलं, जिना चुकला.

आत वेसूमधला फ्लॅट होता. वेसू म्हणजे सुरतेतला पैसेवाल्यांचा भाग. हॉलमध्ये झुंबर, भिंतीत देवघर, देवघराला घंटा, आणि स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा. ओटा मूळ नकाशात नव्हता. मूळ नकाशात हलक्या पत्र्याचा, हलक्या लाकडाचा काहीतरी होता. भाभींना, म्हणजे शेठच्या पत्नीला, तो "चहाच्या गाडीसारखा" वाटला. मग घरच्यासारखा ओटा आला. ओट्याबरोबर पीठ दळायची घरघंटी आली आणि घरघंटीबरोबर गव्हाचा पिंप ठेवायला कपाट आलं. समुद्रावर जाऊन कोणी ताजं पीठ दळतं का, हे विचारायची हिंमत यार्डात कोणाला झाली नाही.

बोटीचे कॅप्टन गुहागरकडचे. आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून आता या फ्लॅटची चाकरी पत्करलेली. सुकाणूपाशी हात मागे बांधून उभे होते.

"समुद्र कुठून दिसतो यातून?" मी विचारलं.

"पडदा बाजूला केलात तर दिसतो," ते म्हणाले. "पण पडदे फार सुंदर झालेत. कोण बाजूला करणार?"

पडदे ताईचे होते. सोफेही तिचेच. सायीच्या रंगाची मखमल, कडेला बारीक सोनेरी गोट. तो गोट भाभींनी पुन्हा पुन्हा उसवायला लावला होता, कधी जाड म्हणून, कधी पिवळा म्हणून. शेवटी पास झाला. आणि पास झाल्याबरोबर भाभींचा हुकूम आला की सगळ्यावर प्लास्टिक घाला. नुसतं पाण्यात सोडेपर्यंत नाही, कायमचं. नव्या सोफ्यावर प्लास्टिक ठेवायचंच, ही घरची रीत. त्यामुळे ताई आता स्वतःच्या कामावर स्वतःच्या हाताने जाड पारदर्शक प्लास्टिक चढवत होती आणि टोकं टेपने चिकटवत होती.

"एवढी महागाची मखमल," ती म्हणाली, "आणि बसणारा बसणार प्लास्टिकवर. उन्हाळ्यात उठताना फर्रर आवाज येईल."

मागच्या उघड्या डेकवर मात्र मी थांबलेच. तिथे झोपाळा होता. चांगला घरातला, पितळी कड्यांचा, दोन माणसं ऐसपैस बसतील असा लाकडी पाट, त्यावर ताईने शिवलेली गादी. सुरतेत झोपाळ्याशिवाय घर पुरं होत नाही हे मला माहीत होतं. पण बोट मुळातच हलते, तिला वरून झोपाळा? कॅप्टननी हकिगत सांगितली. शेठच्या आई, म्हणजे बा, यांनी बोटीचं ऐकून एकच वाक्य उच्चारलं होतं, "हिंचको नहीं होय तो हुं नहीं आवुं." झोपाळा नसेल तर मी येत नाही. मुंबईच्या डिझायनरने डोकं धरलं, कागदावर आकडे मांडले, नको म्हणाला. शेवटी शेठने डिझायनर बदलला नाही, छत बदललं. तुळई बसवली, पाट खाली अडकवून ठेवायला कड्या केल्या आणि झोपाळा टांगला.

"पाट पुढेमागे होतो की बाजूला?" मी फार हुशारीने विचारलं.

"तुम्ही बसा आणि सांगा," कॅप्टन म्हणाले. तेवढ्यात मॅनेजर जिग्नेशभाई जिन्याने वर आले आणि बसायला वाकलेली मी पटकन सरळ झाले.

जिग्नेशभाई घाईत होते. त्यांनी सगळ्यांसमोरच सांगून टाकलं, "लताबेन, उद्याच्या फेरीचं ऐका. शेठे कह्युं छे, ओन्ली फॅमिली."

ताईच्या हातात टेपची गुंडाळी होती. "शेठ म्हणाले होते ना, सगळ्या कारागिरांना फेरी."

"वो तो मूड में बोले थे."

एवढंच. पुढे त्यांनी नाश्त्याची पाकिटं सगळ्यांना मिळतील अशी ग्वाही दिली आणि खाली उतरले. ताईने उरलेल्या कोपऱ्याला टेप लावली, हाताने दाबून बघितली. मला राग आला होता. तिला फुकट काही नको होतं. ज्या सोफ्याचा एक एक टाका हिने घातला, त्यावर एकदा बसून पाण्यावर जायचं, एवढं साधं मागणं होतं आणि तेही शेठनेच आपण होऊन देऊ केलं होतं.

परत येताना मी तिला पोंक खायला घातला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतेचा: कोवळी ज्वारी, लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे आणि ताक. थंडीत गेलात तर नक्की खा. ताईने दोन चमचे खाल्ले आणि द्रोण माझ्याकडे सरकवला.

गल्लीच्या तोंडाशी कमलमावशी मेथी निवडत बसल्या होत्या. "मंग? कितला वाजता शे जहाज?"

"पाहू," ताई म्हणाली आणि चप्पल काढायच्या निमित्ताने खाली वाकली.

पाण्यात सोडण्याचा समारंभ

बोट पाण्यात सोडायला दोन गोष्टी लागतात, मुहूर्त आणि भरती. मुहूर्त पंडितजी काढतात, भरती तापी काढते, आणि दोघांची ओळख नव्हती. पौर्णिमेची मोठी भरती दुपारी येणार होती. पंडितजींचा मुहूर्त सकाळचा. त्यामुळे सकाळी चिखलात उभ्या असलेल्या बोटीची साग्रसंगीत पूजा झाली. फुलांची झालर, बँड, ड्रोनवाला, शेठचे साडू, साडूंचे भागीदार. आम्ही कारागीर मंडळी दोरीच्या अलीकडे.

नारळ फोडायची वेळ आली तेव्हा पेच पडला. बोटीच्या नाकाडावर फोडायचा असतो. भाभी ओरडल्या, "कलर!" परदेशी रंगाला ओरखडा गेला असता. थोडी खलबतं झाली आणि शेवटी नारळ बोट ज्या ट्रेलरवर होती त्याच्या टायरवर फोडला. ट्रेलर भाड्याचा होता. त्याच्या ड्रायव्हरने भक्तिभावाने हात जोडले, कारण त्या दिवशी खरी पूजा त्याच्याच गाडीची झाली होती.

मग पाण्याची वाट बघणं. पाहुणे एसी गाड्यांत जाऊन बसले. नाश्त्याची पाकिटं आली: खमण, गाठिया आणि संभारा, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. खमण चांगलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

एका गाडीची काच खाली झाली आणि आतून हाक आली, "लता!" बा होत्या. किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या साडीतल्या, हातात जपमाळ. ताई त्यांच्या घरचे पडदे शिवते, त्यामुळे ओळख जुनी.

"जय श्रीकृष्ण, बा. खाली नाही उतरत?"

बांनी नदीकडे बघितलं. पाणी गढूळ होतं आणि जोरात वर चढत होतं. "हमणां नहीं," त्या म्हणाल्या. आत्ता नको. मग हळूच विचारलं, "हिंचको सरस बांध्यो छे ने?" झोपाळा चांगला बांधलाय ना?

"एकदम सरस," ताईने सांगितलं. काच वर गेली.

दुपारी पाणी नदीत जाणाऱ्या उताराच्या वरच्या खुणेला लागलं. ट्रेलर मागे मागे सरकत गेला, चाकं बुडाली, आणि एका क्षणी बोट कोणी न उचलता वर उचलली गेली. माझी सगळी चेष्टा तिथे गळून पडली. खरंच सुंदर दिसत होती. रंगाऱ्यापासून वेल्डरपर्यंत सगळे दोरीच्या अलीकडून ओरडले, ताईने माझा दंड एवढा दाबला की वळ उठला. आणि मग बोटीने, अगदी सावकाश, एका अंगाला मान टाकली. ओट्याच्या अंगाला.

फार नाही. बारीक कललेली. पण सर्व्हेअर साहेबांनी, म्हणजे बोट तपासून पास करणाऱ्या इंजिनियरनी, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. शेठ म्हणाले, "वो तो सेट हो जाएगा." सर्व्हेअर म्हणाले, वजनाचा तोल बघितल्याशिवाय कागदावर सही होणार नाही, पुढे जितके पाहुणे बसणार तितकं वजन चढवा, ज्याच्या त्याच्या जागी ठेवा आणि समुद्राच्या तोंडापर्यंत नेऊन आणा. यार्डात वाळूची पोती तयारच असतात. भाभींनी ते ऐकलं मात्र.

"रेती? मेरे व्हाइट कार्पेट पर?"

पोती बाद झाली. पाण्याचे कॅन सुचवले, ते सांडतील म्हणून बाद. साड्यांचे गठ्ठे सुचवले, त्यांच्या तागाचे धागे कार्पेटला लागतील म्हणून बाद. बराच वेळ डोकी खाजवल्यावर जिग्नेशभाई दोरीपाशी आले. आवाजात मध होता.

"लताबेन, काले सवारे आवो ने, उद्या सकाळी. घरवालों को भी लाना. नहा-धोके, सॉक्स पहनके."

पोतं

घरी येऊन ताईने मशिनवरचं कापड उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. मग एकदम फुटली.

"मी काय पोतं शे का?"

भाऊजी मिलमधून आले होते, जेवायला बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "फेरी मारणार ना? मग बस जाऊन. तुला बसायचंच होतं."

"बसायचं होतं, पण माणूस म्हणून. काल माणूस होते तर जागा नव्हती. आज वाळू चालत नाही म्हणून मी चालते!"

मी ताबडतोब स्वाभिमानावर बोलायला लागले. मला ते चांगलं जमतं. ऑफिसात रोज सराव असतो. अजिबात जाऊ नकोस, सांग त्यांना, आम्ही तुमच्या वजनकाट्यावरची माणसं नाही, वगैरे. ताईने ऐकून घेतलं.

"तुले काय," ती म्हणाली, "तू दोन दिवसमा अमळनेरले निंघी जाशी. कमलमावशीना समोर मी ऱ्हास."

भाऊजींनी शेवभाजीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

सकाळी मी उठले तेव्हा ताई तयार होती. ठरवलेली जांभळी साडी, काठ जरीचे, केसात गजरा, आणि पायात भाऊजींचे करडे मोजे.

"जाऊ," ती म्हणाली. "पण पोतं असं नेसत नाही, एवढं तरी दिसू दे त्यांना."

फेरी

यार्डात रेझिनचे पिंप मोजायच्या काट्यावर आम्हाला एकेक करून चढवलं. आकडा जिग्नेशभाई मोठ्याने वाचत होते. माझा वाचला तेव्हा वेल्डरने सहानुभूतीने मान हलवली. मग शेठच्या कुटुंबातल्या ज्याच्या वजनाशी ज्याचं जमेल, त्याच्या नावाची चिठ्ठी आमच्या छातीवर चिकटवली. रंगारी झाला शेठ. वेल्डर झाला साडू. वॉचमन भाभी झाला आणि फेरीभर मिशांवरून हात फिरवत लोकांना कार्पेटवरून हाकलत होता. मला महाराज, म्हणजे स्वयंपाकी, करून ओट्यापाशी उभं केलं. आणि बांच्या वजनाची यार्डात एकच व्यक्ती निघाली.

"बा, हिंचका ऊपर," जिग्नेशभाई म्हणाले आणि ताईच्या पदरावर चिठ्ठी चिकटवली.

बोट निघाली. ओट्यासमोरच्या खिडकीतून मला एक मोठी क्रेन आणि तिच्या मागे दुसरी क्रेन दिसली. सर्व्हेअर हुकूम सोडत होते: शेठ डावीकडे, साडू वर, भाभी बेडरूममध्ये. रंगारी दर वेळी "येस सर, मैं शेठ" म्हणून सरकायचा. तासभर आम्ही असे घरभर फिरलो आणि निष्कर्ष निघाला की घरघंटी आणि गव्हाचं कपाट काढलं तर बोट सरळ होते. त्यासाठी एवढी माणसं लागली. माझं काम संपलं, म्हणून मी मागच्या डेकवर आले.

झोपाळ्याच्या कड्या सोडलेल्या होत्या. ताई पाटावर बसली होती, म्हणजे बसायचा प्रयत्न करत होती. गादीवर प्लास्टिक, अंगावर सिंथेटिक साडी, खाली मोजे. नदी संपून खुलं पाणी लागलं, बोट पहिल्यांदा नीट हलली आणि ताई पाटावरून घसरून सरळ माझ्या पायाशी आली.

कॅप्टन धावत आले. "लागलं का?"

"नाही. पण बा असत्या तर लागलं असतं," ताई म्हणाली. पदर सावरला. "प्लास्टिकवर बा बसणार कशा? सरकतंय. काढायला सांगा."

जिग्नेशभाई पुढे झाले. "भाभीने मना किया है."

"मी कोण आहे आज?" ताईने पदरावरची चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. "बा आहे ना? मग बा सांगतात, काढा."

कॅप्टननी जिग्नेशभाईंकडे बघितलं नाही. "सेफ्टीचा प्रश्न आहे, काढून टाका," म्हणाले. ताईने टेप स्वतःच काढली, न फाडता, प्लास्टिकची चौकोनी घडी घातली आणि मला धरायला दिली. मग गादीवरून एकदा हात फिरवला आणि बसली.

पायाने रेटा द्यावा लागत नव्हता. लाट बोटीला उचलायची, बोट झोपाळ्याला सोडायची, आणि ताई आपोआप पुढे जायची, मागे यायची. तिने दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या होत्या. थोड्या वेळाने एक सोडली. मग पाय वर घेतले, मांडी घातली. मागे हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या लहान होत गेल्या. मी फोटो काढायला फोन वर केला तर म्हणाली, "थांब वं, नंतर," आणि डोळे मिटले. मला रडू आलं, लपवत नाही. मी प्लास्टिकची घडी छातीशी धरून महाराजाच्या चिठ्ठीसकट तिथे उभी राहिले.

परतताना कॅप्टननी विचारलं, त्यांना अहवालात लिहायचं होतं, "झोपाळ्यावर काही त्रास? मळमळ, गरगर?"

"काही नाही," ताई म्हणाली. झोपाळा पास झाला.

धक्क्याला लागल्यावर चिठ्ठ्या परत घेतल्या. वॉचमनने भाभीपद सोडलं आणि गेटवर जाऊन बसला. ताईने माझ्या हातातून प्लास्टिक घेतलं, गादीवर चढवलं आणि कोपरे टेपने पक्के केले. मग आम्ही डुमसला जाऊन टोमॅटोची भजी खाल्ली. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी लावून तळतात, गरम खा, तोंड भाजेल. घोडे होते, काका खरं बोलत होते.

गल्लीत कमलमावशी वाटच बघत होत्या. ताईने काही लपवलं नाही. वजन म्हणून नेलं, मोजे घालून नेलं, सगळं सांगितलं. "पण झोक्यावर बसले," म्हणाली, "शेठनी मायना जागावर." मावशींनी विचार केला आणि दुसऱ्या दिवशीपासून गल्लीत फक्त शेवटचं वाक्य फिरलं.

घरी

अमळनेरला येऊन मी फोटो चाळले. बोटीचे आहेत, खमणाचे आहेत, टायरवरच्या नारळाचा तर फारच स्पष्ट आहे. ताईचा झोपाळ्यावरचा एकही नाही, कारण ती नंतर म्हणाली आणि नंतर राहून गेलं. इतक्या लांब ज्या एका फोटोसाठी बोलावलं तोच नाही. खर्च विचाराल तर फार नाही. राहायला बहीण असेल तर सुरत स्वस्त आहे. तिच्यापेक्षा जास्त मीच तिच्या सन्मानासाठी पेटून उठले ते मात्र आठवलं की थोडं अवघडतं. माझं ऐकलं असतं तर तिने ती फेरी घरीच बसून काढली असती.

मध्यंतरी तिचा फोन आला. बोट शेठच्या ताब्यात गेली होती. पहिल्याच फेरीला साडू आणि साडूंचे भागीदार कार्पेटवरच ओकले, तेव्हापासून ती धक्क्याला बांधलेली आहे.

"आणि बा?" मी विचारलं. "बसल्या का झोपाळ्यावर?"

"कुठल्या बसतात. अजून बोटीवर पाय नाही ठेवला." "परवा त्यांच्या घरी पडदे लावायला गेले होते. बांनी दार लोटून घेतलं आणि मला हळूच विचारलं, लता, तू बसलीस ना, मला खरं सांग, कसं वाटतं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बा, भयंकर चक्कर येते. तुम्ही नकाच जाऊ."

"पण तुला कुठे आली होती चक्कर?"

"माले कसानी चक्कर वं!" ताई म्हणाली. "बाले घरमा झोका शे ना."